विश्लेषण : ओलान्झापिनची गोळी सुरू आहे, वजन आणि साखर कोण तपासतंय?

मन थाऱ्यावर आणणारी गोळी शरीराकडेही लक्ष मागते. ती बंद करणे हा उपाय नाही आणि तपासणीशिवाय वर्षानुवर्षे घेत राहणे हाही नाही.

घरातला मुलगा महिनोन्महिने झोपत नव्हता, कानात आवाज येतात म्हणायचा. औषध सुरू झाले, आवाज थांबले, तो कामावर जाऊ लागला. पण काही महिन्यांत शर्ट बसेनासे झाले. मग घरात कुणीतरी म्हणते, ‘आता बरा आहे ना, मग बंद कर ती गोळी.’ अनेक घरांत उपचार इथेच फसतात.

हे औषध नेमके कशासाठी?

ओलान्झापिन स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात दिले जाते. मेंदूतील डोपामाइन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही ग्राहींवर (रिसेप्टर्स) ते काम करते. त्यामुळे भास, टोकाचे संशय आणि उन्माद कमी होतात. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीतील मळमळ रोखण्यासाठीही ते अल्प काळ दिले जाते. त्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाच्या चिठ्ठीत हे नाव दिसले, तर त्याला मानसिक आजार आहे असा अर्थ काढू नये.

दुष्परिणाम कोणते?

सर्वात ठळक दुष्परिणाम म्हणजे वजनवाढ. भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. पहिल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने वाढू शकते. सोबत रक्तातील साखर आणि चरबीही वाढू शकते. गुंगी, तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, एकदम उठल्यावर चक्कर येणे हेही आढळते. गुंगीमुळे बहुतेकदा गोळी रात्री घ्यायला सांगतात. गुंगी येते तोवर दुचाकी चालवू नये आणि दारू टाळावी.

तातडीने रुग्णालयात कधी जायचे?

खूप ताप, शरीर ताठर होणे, घामाघूम होणे आणि गोंधळलेपण ही लक्षणे एकत्र दिसली तर थांबू नये. ही प्रतिक्रिया दुर्मीळ आहे, पण जीवघेणी ठरू शकते. प्रचंड तहान, वारंवार लघवी आणि थकवा असेल तर त्याच दिवशी साखर तपासावी. जीभ, ओठ किंवा जबड्याची आपोआप हालचाल होऊ लागली तर डॉक्टरांना लगेच सांगावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. त्यामुळे ‘आजोबा रात्री ओरडतात’ म्हणून दुसऱ्याच्या डब्यातली गोळी त्यांना देऊ नये.

बिडी-सिगारेटचा काय संबंध?

तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत हे औषध लवकर निकामी करते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात औषधाचे प्रमाण कमी राहते. त्याने अचानक सिगारेट सोडली की तोच डोस जास्त ठरू शकतो आणि गुंगी वाढते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. सिगारेट जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिकही औषधाची पातळी वाढवू शकते. त्यामुळे तापासाठी गेलात तरी ही गोळी सुरू असल्याचे सांगा.

गोळी चुकली किंवा बंद करायची असेल तर?

चुकलेल्या डोससाठी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. या औषधाचे व्यसन लागत नाही. पण ते अचानक थांबवले तर झोप उडते, अस्वस्थता येते आणि आजार उलटू शकतो. तोही लगेच नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. त्यामुळे ‘बंद करूनही काही झाले नाही’ असे सुरुवातीला वाटते. डोस कमी करणे किंवा औषध बदलणे शक्य असते. गर्भधारणा झाल्यासही तो निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यावा.

मग चुकते कुठे?

गोळी सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड तपासावे. सुमारे तीन महिन्यांनी या तपासण्या पुन्हा कराव्यात, नंतर किमान वर्षातून एकदा. वजन मात्र सुरुवातीला दर महिन्याला पाहावे. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. वजनकाटा, टेप आणि रक्तदाबाचे उपकरण प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते.

अडचण वेगळीच आहे. सरकारी योजनेत मधुमेह आणि रक्तदाबाची सरसकट तपासणी ३० वर्षांवरील लोकांसाठी आहे. स्किझोफ्रेनिया मात्र बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो. म्हणजे २२ वर्षांचा रुग्ण या चाळणीत सापडतच नाही. मनोविकारतज्ज्ञ मन पाहतात, फिजिशियन शरीर, आणि गोळी दोघांच्या मधून जाते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने उपचाराचा हक्क दिला आहे. त्या हक्कात वजनकाट्याचाही समावेश आहे असे मानायला हवे. मानसोपचाराच्या प्रत्येक ओपीडीत, चिठ्ठी पुन्हा लिहिण्याआधी, रुग्णाचे वजन आणि रक्तदाब कागदावर यावा. वय कितीही असो, या औषधावरील प्रत्येकाची साखर तपासली जावी.

तोवर ते काम घरच्यांनी करावे. मोबाइलमध्ये दर महिन्याचे वजन नोंदवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. जवळ डॉक्टर नसतील तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. गोळी बंद करण्याआधी एवढा एक फोन नक्की करा.