बेट म्हणू नका!

बृहन्महाराष्ट्राविषयीचं कुठलंही भाषण ऐका, पाचव्या मिनिटाला 'मराठीची बेटं' हा शब्द येतोच. तंजावर बेट, इंदूर बेट, बुऱ्हाणपूर बेट, पांढुर्णा-सौंसर बेट, आणि हल्ली आपला गोवासुद्धा बेट! वक्ता गहिवरतो, टाळ्या पडतात, चहा होतो. या शब्दाला माझा सक्त विरोध आहे.

बेट म्हणजे काय हे गोंयकाराला शिकवायला नको. जुन्या गोव्याहून दिवाडीला जायचं तर फेरीबोट धरावी लागते. चोडण, अंजदीव ही खरी बेटं. तिसवाडीसुद्धा मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याच्या खाडीनं वेढलेलं बेटच. बेटाला चारी बाजूंनी पाणी लागतं, मित्रहो! तंजावरला बेट म्हणा, माझी हरकत नाही. तिथली मराठी शेकडो मैल दूर जाऊन रुजली. पण सौंसर?

नागपूरला एका कामासाठी गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा म्हापशाच्या मित्राला घेऊन हे 'बेट' बघायला निघालो. सकाळी इटारसीकडे जाणारी गाडी धरली. पांढुर्णा नागपूरहून सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत काटोल, नरखेड. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा, कपाशी, काळी माती. राज्य कुठे बदललं ते कळलंच नाही. ना मातीनं सांगितलं, ना डब्यातल्या बायकांच्या बोलण्यानं. पांढुर्ण्याला उतरल्यावर मित्रानं विचारलं, "फेरीबोट खंय रे?"

चहाच्या टपरीवर एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "कुठून आले जी तुम्ही?" गोव्याहून, म्हटल्यावर ते चकित झाले. "मंग मराठी कशी येते बा तुम्हाले?" म्हणजे बघा, आम्ही त्यांचं बेट बघायला गेलो होतो आणि त्यांच्या लेखी बेटावरून आलेले आम्हीच होतो! त्यांचा नातू शेजारी उभा होता. आजोबांचं मराठी त्याला सगळं कळत होतं, पण उत्तर तो हिंदीत देत होता. दुकानांच्या पाट्या हिंदीत, आतलं बोलणं मराठीत. दुपारी बसनं सौंसरला गेलो, जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेतलं, आणि सावनेरमार्गे रात्री नागपुरात परत. दिवसभरात आम्हाला समुद्र काही दिसला नाही.

मग हे बेट झालं कसं? १९५६ पूर्वी हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता. राजधानी नागपूर, आणि राज्यकारभाराच्या भाषा हिंदी आणि मराठी अशा दोन. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. रेघ जिल्ह्याच्या हद्दीवरून ओढली, माणसांच्या बोलण्यावरून नव्हे.

पण गंमत पुढेच आहे. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं घटनेत ३५०-अ हे कलम घातलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा, असं ते सांगतं. रेघ ओढणाऱ्यांना पुढचा धोका दिसत होता, म्हणून त्यांनी औषधही सोबतच दिलं. आपण रेघ तेवढी पाळली, औषधाची बाटली उघडलीच नाही. शाळा, अर्ज, पाटी, परीक्षा असं एकेक ठिकाणी पाणी भरत गेलं, आणि सलग जमिनीचं बेट झालं.

म्हणूनच हा शब्द घातक आहे. बेट निसर्गानं केलेलं असतं, त्याला कुणी जबाबदार नसतं. 'बेट' म्हटलं की सरकार सुटतं आणि आपणही सुटतो. बेटावर माणूस सहलीला जातो, फोटो काढतो आणि परततो. पांढुर्ण्याची आठवणही आपल्याला वर्षातून एकदाच होते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते, जखमींचे आकडे छापून येतात, आपण हळहळतो. तिथल्या पोरांच्या पाठ्यपुस्तकांची बातमी मात्र कुणी छापत नाही.

परतताना मित्र म्हणाला, "लोकांना हिंदीनं नोकरी मिळते. त्यांची तक्रार नाही, तू का रडतोस?" प्रश्न रास्त आहे. हिंदी शिकावीच, ती त्यांच्या राज्याची भाषा आहे. पण हिंदी येण्यासाठी मराठी वाचता येऊ नये, ही अट कुणी घातली? आणि तक्रार नाही म्हणाल, तर ज्या पोराला आजोबांची भाषा लिहिता येत नाही, तो तक्रार लिहिणार कुठल्या भाषेत?

आपल्याकडे वेगळं काय आहे? १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोकणीला राजभाषा केलं, आणि सरकारी कामात मराठी वापरण्याची तरतूदही ठेवली. कोकणीशी माझं भांडण नाही, ती माझ्या घरची आहे. पण आपल्यापैकी किती जण त्या तरतुदीचा उपयोग करून मराठीत अर्ज देतात? नाटकाला, भजनाला मराठी. अर्जाला आणि पोरांच्या शाळेला इंग्रजी. आपल्या भोवतीचं पाणी आपणच ओततो आहोत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या पाट्या, नवे छापील अर्ज. मराठी मागायची वेळ हीच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या अभिजातपणातली चार बालवाचनाची पुस्तकं आणि एक मराठीचा शिक्षक सौंसरच्या शाळेपर्यंत पोहोचू द्या. नागपूरहून तिथं जायला होडी लागत नाही, साधी बस पुरते.