टर्फमध्ये पाणी मुरतंय : कौन्सिलला शेवटचा इशारा

पश्चिम आयर्लंड, एप्रिल १९४७

काउंटी कौन्सिलचे सन्माननीय सभासद, काउंटी मॅनेजर आणि काउंटी सर्व्हेयर यांना आम्हा करदात्यांकडून बजावण्यात येतं की, गेल्या मोसमात कौन्सिलने बॉगवर, म्हणजे दलदलीच्या रानात, जो टर्फ, म्हणजे जळणाची माती, काढला त्याचा टनामागचा खरा खर्च येत्या १ मेच्या आत जाहीर सभेत मांडावा. याला कुणी विनंती समजू नये. विनंत्या करून झाल्या. त्यांची उत्तरंही आली. गोड होती, आकडा मात्र एकातही नव्हता.

यंदाचा हिवाळा अजून अंगातून गेलेला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस हिमवादळ झालं, रस्ते बुजले, पाव जानेवारीपासूनच रेशनवर. इंग्लंडला स्वतःच्याच गिरण्या चालवायला कोळसा पुरत नव्हता, तो आपल्याला कुठून मिळणार? मदार राहिली टर्फवर. आणि चुलीत काय गेलं? गेल्या भिजक्या उन्हाळ्यात न वाळलेला चिखल. धुराने डोळे चुरचुरले, किटलीतलं पाणी कोमट झालं. त्या चिखलाचेही पैसे आम्ही मोजले आहेत.

आम्ही कौन्सिलचे वैरी नाही. १९४१ मध्ये सरकारने कौन्सिलांना बॉग ताब्यात घेऊन टर्फ काढण्याचं काम दिलं, तेव्हा या भागातल्या कुणी कुरकुर केली नाही. बॉग दिले, गाढवगाड्या म्हणा की घोडागाड्या, होत्या त्या जुंपून दिल्या. टर्फ कंट्रोलर ह्यूगो फ्लिन यांनी देशाला हाक दिली आणि देश फावडं घेऊन उभा राहिला. डब्लिनच्या फिनिक्स पार्कात टर्फच्या इतक्या लांब उडव्या लागल्या की लोक त्या रस्त्याला ‘न्यू बॉग रोड’ म्हणू लागले. त्या दिवसांत भाव विचारणं हलकटपणा ठरला असता. फ्लिन १९४३ मध्ये गेले, युद्ध संपूनही दोन वर्षं होत आली. हिशेब मात्र अजून युद्धकाळच्या आणीबाणीतच आहे.

आता मुद्द्याचं. ज्यांनी टर्फ फक्त कागदावर पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. बॉगमधून ‘स्लेन’ नावाच्या फावड्याने कापलेली वीट म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. दहा टन कापले तर त्यात जळणारा ऐवज जेमतेम एक टन. उरलेले नऊ टन पाणी. म्हणून वीट पसरायची, वरून सुकली की चार-सहा विटा एकमेकींच्या आधाराने उभ्या करायच्या, वारा खाऊ द्यायचा, मग रास करायची. हे नीट केलं तर पाणी तीस टक्क्यांवर येतं आणि दहा टनांचे दीड टनसुद्धा उरत नाहीत. घाई केली, निम्मं पाणी आतच ठेवलं, तर त्याच दहा टनांचे वजनकाट्यावर दोन टन भरतात.

समजा, या दहा टनांवर चार पौंड खर्च झाले. निम्मं पाणी ठेवणाऱ्याच्या वहीत टनाला दोन पौंड पडले. इमानाने वाळवणाऱ्याच्या वहीत दोन पौंड सोळा शिलिंग. म्हणजे चिखल विकणारा काटकसरी ठरतो आणि सरपण देणारा उधळ्या! सभेत ‘आमचा टर्फ शेजारच्या काउंटीपेक्षा स्वस्त पडला’ असं छाती काढून सांगितलं जातं, तेव्हा आम्हाला एवढंच विचारायचं असतं: त्या स्वस्ताईत पाणी किती? पाणी मुरतंय हे आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाही.

बरं, हा खर्च बॉगच्या काठापर्यंतचा. पुढे काठापासून रस्ता, रस्त्यापासून स्टेशन, स्टेशनपासून डब्लिनचा डेपो, डेपोपासून व्यापारी. प्रत्येक उचलीला विटा फुटतात, भुगा होतो, आणि भुगा कुणी विकत घेत नाही. माल हलका आणि फोफसा. वॅगन भरते, वजन भरत नाही. चांगला वाळलेला टर्फही कोळशाच्या साधारण निम्मीच ऊब देतो. तेव्हा काठावरचा भाव आम्हाला सांगू नका. चुलीपाशी किती पडला ते सांगा, आणि सुक्या वजनावर सांगा.

आमच्यावर उलट प्रश्न येईल, ठाऊक आहे. ‘तुम्ही घरचा टर्फ स्वस्तात काढता, कारण पोरांची मजुरी धरत नाही.’ खरं आहे, नाही धरत. पण ओला टर्फ घरात आणला तर आमच्याकडे बायको विचारते. कौन्सिलला विचारणारं कोण?

आणि खापर मजुरांवर फोडाल तर याद राखा. १९४१ च्या वेतनबंदी हुकुमाने त्यांची मजुरी गोठवली. इंग्लंडच्या कारखान्यांत चौपट मिळो की दसपट, टर्फच्या भागातल्या माणसाला युद्धात तिकडे जायचा परवाना मिळणं सरकारने मुश्कील केलं. कंबरभर चिखलात उभं राहून त्यांनी काम केलं. त्यांच्या घामाचा हिशेब नको आहे. उडव्या पावसात उघड्या का पडल्या, लॉऱ्या वेळेवर का आल्या नाहीत, वजन कुणी केलं आणि कुणाच्या सहीने, याचा हवा आहे.

सभासद म्हणतात, १९४२ पासून सगळा कारभार मॅनेजरकडे आहे. मॅनेजर डब्लिनच्या सरकारकडे बोट दाखवतात. डब्लिन म्हणतं, नुकसान तिजोरी सोसते, तुम्ही कशाला जीव टाकता? पैसे स्थानिक करातून जावोत की तिजोरीतून, खिसा आमचाच. गेल्या वर्षी संसदेने बोर्ड ना मोना हे टर्फचं मंडळ उभं केलं. ते यंत्राने टर्फ काढणार आहे. तुमचा हाताने काढलेला टर्फ किती पडला हेच ठाऊक नसेल, तर यंत्राचा महाग की स्वस्त हे कोण ठरवणार? पुढची पन्नास वर्षं अंदाजपंचेच जातील.

तेव्हा १ मे. त्या दिवसापर्यंत हिशेब आला नाही, तर कौन्सिलच्या टर्फसाठी या भागातून एकही गाडी जुंपली जाणार नाही. कर आम्ही थकवणार नाही. १९३४ मध्ये कर थकवण्याच्या नादात दारातली गुरं जप्त झालेली आम्ही पाहिली आहेत. आमचा मार्ग कायद्याचा आहे. स्थानिक कारभाराचा ऑडिटर येतो, तेव्हा कोणताही करदाता त्याच्यापुढे उभा राहून खर्चावर हरकत घेऊ शकतो, आणि खर्च गैर ठरला तर ऑडिटर तो मंजूर करणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल करतो. तुमच्या खिशातून. हरकतीचा कागद लिहून तयार आहे, सह्या झाल्या आहेत, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवली आहे.