लाईट चालू असताना त्वचा कशी जपावी?

रेडिएशनचे, म्हणजे बोलीभाषेत ‘लाईटचे’ किंवा ‘शेकाचे’ दोन-तीन आठवडे झाले की त्या जागेची कातडी लालसर होते, कोरडी पडते, खाजते. पुढे ती काळवंडते, पापुद्रे निघतात. काखेत, स्तनाखाली, जांघेत, जिथे कातडीला कातडी घासते आणि घाम साचतो, तिथे ओली जखमही होऊ शकते. घरची मंडळी घाबरतात, आणि ‘लाईटने जाळले’ म्हणून रुग्ण परस्पर चार-आठ दिवस रुग्णालयात जाणेच टाळतो.

खरा धोका इथे आहे. घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचारात मध्येच खंड पडला, तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. कातडी बहुधा शेवटच्या शेकानंतर महिन्याभरात भरून येते. हुकलेल्या शेकांची भरपाई इतकी सोपी नसते. विश्रांती द्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

शेक चालू असताना त्या भागाला पाणी लावू नये, हा समज अजून घरोघर आहे. तो चुकीचा आहे. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावे, न चोळता मऊ कापडाने टिपावे. मात्र शाईच्या खुणा केलेल्या असतील तर त्या पुसू देऊ नयेत. गरम पाण्याची पिशवी, बर्फ, सुगंधी पावडर टाळावी. सोललेल्या कातडीवर हळद किंवा चुना लावणे म्हणजे जखमेला निमंत्रणच. मलम डॉक्टरांना विचारून निवडावे आणि शेकाला निघताना त्याचा जाड थर देऊ नये.

कपडे सैल, सुती असावेत. ओटीपोटावर शेक असेल तर परकराची नाडी काचते. त्याऐवजी गाऊन बरा. मानेवर शेक घेणाऱ्या पुरुषांनी ब्लेडऐवजी विजेचा रेझर वापरावा. गळ्यावर किंवा छातीवर शेक असेल तर मंगळसूत्र काही आठवडे काढून ठेवावे लागते आणि यावरून घरात कुजबूज होते. सासूबाईंनीच ते आपल्या हाताने देवघरात ठेवले, तर सुनेचा जीव किती हलका होईल!

केमोथेरपीचे त्रास वेगळे. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या असतात, त्यामुळे लक्ष ठेवायला नर्स नसते. तळहात-तळपाय लाल होतात, झोंबतात, मग भेगा व फोड येतात. पोळ्या लाटणे, कपडे पिळणे, गरम भांडी उचलणे, अनवाणी फिरणे यांनी त्रास वाढतो. या कामांतून गृहिणीला त्या काळात सुट्टी मिळायलाच हवी. झोंबू लागताच सांगितले तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा थोडे दिवस थांबवतात. फोड येईपर्यंत सोसत बसू नये.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयात अशा 264 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. त्यात सांधेदुखीवर मिळणारे डायक्लोफेनॅकचे साधे जेल दिवसातून दोनदा, बारा आठवडे लावले. मध्यम ते तीव्र त्रास जेल लावणाऱ्यांत 3.8 टक्के, तर औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत 15 टक्के रुग्णांना झाला. जेल स्वस्त असले तरी आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर जरूर सांगावे.

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील जेफिटिनिब, अर्लोटिनिब यांसारख्या गोळ्यांनी चेहऱ्यावर, छातीवर मुरुमांसारखा पुरळ उठतो. ही मुरुमे नव्हेत आणि तो संसर्गजन्यही नाही. मुरुमांची मलमे त्वचा आणखी कोरडी करतात, तेव्हा दुकानातून ती आणू नयेत.

शिरेतून औषध चालू असताना सुईजवळ जळजळले किंवा सूज आली, तर ‘बाटली संपू दे’ म्हणून गप्प बसू नये; तत्क्षणी नर्सला हाक मारावी. बाहेर झिरपलेली काही औषधे खोल जखम करतात. अंगभर फोड, तोंडात वा डोळ्यांत जखमा, कातडी सुटणे, पू किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचार संपल्यावरही शेक घेतलेली त्वचा उन्हाला हळवी राहते. बाहेर पडताना तो भाग पदराने, उपरण्याने किंवा पूर्ण बाहीने झाकावा.