वर्षाला तीनशे रुपयांची डागडुजी

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यांवर महापालिकेच्या नोटिसा लागतात. इमारत धोकादायक आहे. दुरुस्त करा, नाहीतर रिकामी करा. खाली दुकाने, वर भाडेकरू, जिन्याला टेकू, कौलांवर निळी ताडपत्री. नोटीस वाचून कोणी सामान बांधत नाही. भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो, मालक भाडेकरूकडे. या भांडणात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ मात्र कोणी उघडून पाहत नाही.

१९९९ चा हा कायदा सांगतो की, घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम. त्याने ते टाळले तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी मुदतीपर्यंत थांबावे, मग स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. इथवर सगळे रास्त. पण त्याखाली एक परंतुक आहे. एका वर्षात अशी वळती किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

महिना शंभर रुपये भाडे धरा. पेठेत हा आकडा ऐकून कोणी चमकणार नाही. वर्षाचे झाले बाराशे, त्याचे एक चतुर्थांश तीनशे. तीनशे रुपयांत गवंडी दिवसभरासाठीही येत नाही. लाकूड, सिमेंट, वाळू दूरच. कुजलेली तुळई बदलायला भाडेकरूने लाखभर रुपये घातले, तर ते फिटायला ३३३ वर्षे लागतील. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. तिलाही अजून तीनशे वर्षे व्हायची आहेत.

मालकाला भाडे वाढवता येते, वर्षाला चार टक्के. शंभराचे एकशे चार. तेवढ्यात तो तरी काय दुरुस्त करणार? त्यापेक्षा वाडा आपोआप पडला तर बरे, असा हिशेब काही जण मनात करून बसलेले असतात. तोही चुकीचाच. सांगली-मिरजेकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून टाकले की, महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. म्हणजे भिंत गेली तरी हक्क शाबूत. ती भिंत उभी राहावी यासाठी मात्र वर्षाला तीनशे रुपये.

मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. त्याच्या कारभाराचे गोडवे गावेत असे नाही, पण निदान अर्ज करायला एक कचेरी आहे. पुण्याच्या वाड्यांना तेवढेही नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात खर्च भाड्यातून वळता करण्याची ही मर्यादा महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत आहे. पण तो कायदा नव्या करारांसाठी. पन्नास-साठ वर्षांच्या भाडेकरूला त्याचा उपयोग शून्य. शिवाय शंभराचे निम्मे पन्नासच.

जी इमारत महापालिकेने स्वतः धोकादायक ठरवली आहे, तिच्यापुरते तरी हे परंतुक रद्द करा. दुरुस्तीचा खर्च महापालिकेच्या अभियंत्याने तपासून द्यावा. भाड्यातून जे फिटणार नाही त्याचा बोजा मिळकतीवर चढवावा आणि पुनर्विकासाच्या वेळी तो आधी वसूल व्हावा. मालकाला आज खिशात हात घालावा लागणार नाही आणि भाडेकरूचे पैसे बुडणार नाहीत. सरकारला वेळ नसेल तर विधिमंडळात अशासकीय विधेयक मांडण्याची सोय आहे. पेठांमधून निवडून गेलेल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ते मांडावे.