रिकामी सतरंजी

देवळातल्या नारदीय कीर्तनाला हल्ली किती श्रोते असतात, हे सांगायला मोजणीची गरज नाही. खांबांना टेकून बसलेली वीस-पंचवीस माणसे, त्यांत साठीच्या आतले एखाददुसरे, आणि उरलेली सतरंजी रिकामी. याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: घरोघरी दूरचित्रवाणी आली, लोकांना वेळ नाही, श्रद्धा आटली. हे उत्तर मला पटत नाही. हरिनाम सप्ताहांतल्या वारकरी कीर्तनांना आजही मांडव भरतात. श्रद्धाच आटली असती, तर ती तिथेही आटायला हवी होती.

नारदीय कीर्तनाचा घाट मुळात कंटाळवाणा नाही. पूर्वरंगात एखाद्या पदाचे वा अभंगाचे निरूपण करून सिद्धान्त मांडायचा आणि उत्तररंगात आख्यानाच्या आधारे तो कसाला लावायचा, अशी ही रचना आहे. विचार आणि कथा यांचा इतका नेटका सांधा आपल्या परंपरेत फार थोड्या ठिकाणी आढळेल. पण पूर्वरंगात शंकाच खरी नसेल, तर उत्तररंगाने कसला निरास करायचा? ज्याबद्दल कोणालाच संशय नव्हता ते पाठ केलेल्या दृष्टान्तांनी सिद्ध होत राहते. श्रोत्याला माना डोलावण्यापलीकडे काम उरत नाही, आणि ज्याला काम नाही तो हळूहळू यायचा थांबतो.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) याच्या नेमके उलट करीत. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री वऱ्हाडी बोलीत त्याच गावाला प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण का करता? देवापुढे बकरे का कापता? शिवाशीव का पाळता? उत्तर श्रोत्यांनी द्यायचे, आणि देता देता आपल्याच उत्तरात अडकायचे. कीर्तन संपल्यावर माणूस घरी काहीतरी घेऊन जात असे, बहुधा अस्वस्थता.

अर्थात गर्दी हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. भरलेल्या काही मांडवांत सासू-सुनांवरचे आणि मुलींच्या कपड्यांवरचे विनोदच अधिक असतात. तिथे कंटाळा येत नाही हे खरे. पण समोरच्याला दुखवायचे नाही आणि अनुपस्थितांची टवाळी करायची, ही पळवाटच. नीरस कीर्तन श्रोत्याला काही विचारत नाही. खुशमस्करे कीर्तनही विचारत नाही. फरक आहे तो फक्त आवाजाचा.

हे आपण साहित्याच्या मंडळींनी परक्याचे दुखणे म्हणून ऐकू नये. ठरलेली टिपणे, ठरलेले निष्कर्ष आणि हजेरीपुरते श्रोते आपल्या वर्गांत आणि चर्चासत्रांतही आहेत. आपली सतरंजी भरलेली दिसते, ती हजेरीपट आहे म्हणून. कीर्तनकाराजवळ तो नाही. निदान त्याला खरी स्थिती रोज डोळ्यांसमोर दिसते.