हातात सोल्डर, तोंडात कॉलसाइन

आपल्या पिढीला सर्टिफिकेटं गोळा करायची जाम हौस. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं, फ्रेंचच्या पहिल्या लेव्हलचं, वाइन टेस्टिंगचं. सीव्हीत एक ओळ वाढते आणि आपण खूश! म्हणूनच या वेळी एका अशा वर्गाबद्दल लिहितेय, जिथे सर्टिफिकेट आधीच खिशात असलेले लोक परत शिकायला येतात. कारण सोपं आहे. सर्टिफिकेट मिळालं, पण काम येत नाही!

हा वर्ग आहे हॅम रेडिओचा. आता ‘हॅम म्हणजे ते सॅण्डविचमधलं?’ असं विचारू नका. हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आपल्या नावाचा कॉलसाइन मिळवायचा आणि स्वतःच्या रेडिओवरून जगाशी गप्पा मारायच्या. भारतातले हे कॉलसाइन ‘व्हीयू’ने सुरू होतात. मध्ये मोबाइल कंपनी नाही, टॉवर नाही, महिन्याचं बिल नाही. कमाई करायची नाही, ही मात्र अट. राजीव गांधींकडेही हा परवाना होता. त्यांचा कॉलसाइन होता व्हीयू टू आरजी.

परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. वरच्या, म्हणजे जनरल ग्रेडसाठी मोर्स कोडही लागतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची कटकट नाही. पुस्तक घ्या, मागचे प्रश्न घोका, पास व्हा. पण पास झालेल्या माणसाच्या हातात वायर दिली की चेहरा बघण्यासारखा होतो. ब्रिटनमध्ये पहिल्या पायरीच्या परवान्याला प्रात्यक्षिक द्यावं लागायचं. 2020मध्ये कोविड आला, परीक्षा घरबसल्या ऑनलाइन झाल्या आणि ती अट बाजूला पडली. तेव्हापासून तिकडच्या हॅम मंडळींत हाच वाद आहे, की नुसत्या लेखी परीक्षेवर ऑपरेटर तयार होतो का?

पुण्यातल्या पेठेत एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात चार रविवार बसून मी याचं उत्तर शोधत होते. वर्ग घेतात ते बँकेतून रिटायर झालेले एक काका. विद्यार्थी बारा. त्यात आयटीवाले सहा, एक डेंटिस्ट, एक कॉल सेंटरवाली, दोन कॉलेजकुमार, एक रिक्षावाले दादा आणि सांगलीची एक आर्किटेक्ट. परवाना असलेले आठ, नसलेले चार. मी तेरावी, वही-पेनवाली.

पहिला रविवार : डाग द्या!

काकांनी पहिल्याच मिनिटाला फर्मान काढलं, “रेडिओ कपाटात. आधी डाग द्यायला शिका.” डाग देणं म्हणजे सोल्डरिंग. प्रत्येकासमोर 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न, ओला स्पंज आणि कथिल-शिशाची बारीक तार. सगळं बुधवार पेठेतून आणलेलं.

यातला फण्डा एका वाक्याचा आहे. सोल्डर तापवायची नाही, सांधा तापवायचा. आयर्नचं टोक एकाच वेळी पिनेला आणि खालच्या तांब्याला टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि मग सोल्डर लावायची ती सांध्याला, आयर्नच्या टोकाला नाही. जागा तापलेली असेल तर सोल्डर आपोआप वाहते आणि पिनेभोवती छोट्या डोंगरासारखी बसते. थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही. सांधा चकचकीत दिसला तर पास. मळकट, दाणेदार गोळा झाला तर तो ‘कोल्ड जॉइंट’. चिकटलेला दिसतो, पण वीज मनापासून जात नाही. (ऑफिसात अशी किती माणसं आहेत, मोजू नका.)

डेंटिस्ट मॅडमचे सांधे पहिल्या फटक्यात झक्कास! आयटीवाल्यांपैकी एकाने तासाभरात गोळ्यांची माळच बनवली. काकांनी ती ओरडाआरडा न करता उपसली आणि पुन्हा करायला दिली.

दुसरा धडा केबलला कनेक्टर बसवण्याचा. आत मधली तार, तिच्याभोवती जाळी. जाळीतली केसाएवढी एक तार जरी मधल्या तारेला शिवली तरी शॉर्ट! म्हणून प्रत्येक केबल मल्टिमीटरवर तपासायची. या टोकाची मधली तार ते त्या टोकाची मधली तार, बीप वाजलाच पाहिजे. मधली तार ते जाळी, बीप वाजताच कामा नये. दहा सेकंदांचं काम. पण ते न करता अँटेनाच्या जागी शॉर्ट जोडून बटण दाबलं, तर महागडा रेडिओ कामातून जाऊ शकतो.

दुसरा रविवार : 49 सेंटिमीटरची गंमत

भारतात हॅम लोकांचा लाडका पट्टा म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झ. त्याला म्हणतात टू मीटर. का? 300ला 145ने भागा. 2.07 मीटर, ही त्या लहरीची लांबी. अँटेनाला तिचा चौथा भाग पुरतो आणि धातूच्या तारेत तो थोडा आखूड धरायचा. हिशेब येतो साधारण 49 सेंटिमीटर.

सामान काय? एक सॉकेट आणि जाड तांब्याच्या तारेचे पाच तुकडे. एक तुकडा सरळ वर. चार तुकडे खाली, छत्रीच्या काड्यांसारखे, 45 अंशांत वाकवलेले. ते का वाकवायचे? आडवे ठेवले तर अँटेनाचा रोध 36 ओहमच्या आसपास येतो. खाली वाकवले की तो 50 ओहमच्या जवळ जातो. केबल 50ची, रेडिओ 50चा. पत्रिका जुळली!

आता खरी मजा. तार मुद्दाम 51 सेंटिमीटर ठेवायची, कारण कापता येतं, पण कापलेलं वाढवता येत नाही. मग नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र जोडायचं. पडद्यावर एक दरी दिसते. दरी 145च्या डावीकडे असली तर तार लांब आहे. अर्धा सेंटिमीटर कापलं की दरी दीड मेगाहर्ट्झ उजवीकडे सरकते. कटर, स्क्रीन, कटर, स्क्रीन. बारा जणांचा गलका, एखाद्या मॅचची शेवटची ओव्हर चालू असल्यासारखा.

इथे भेटतो ‘एसडब्ल्यूआर’ नावाचा आकडा. म्हणजे पाठवलेल्या लहरींपैकी किती अँटेनाने न घेता परत पाठवल्या, याचा हिशेब. 1 असला तर स्वर्ग, 1.5च्या आत छान. 2 झाला तर 11 टक्के शक्ती परत, 3 झाला तर 25 टक्के. रिक्षावाल्या दादांचा आला 1.2, वर्गात सगळ्यात भारी. ते म्हणाले, “कार्ब्युरेटर ट्यून करतो तसंच आहे की!”

तिसरा रविवार : बटण दाबण्यापूर्वी

परवाना नसलेल्याने बोलण्याचं बटण दाबायचं नाही, हा कायदा. म्हणून सराव आधी रेडिओशिवाय. दोघं दिवाणखान्याच्या दोन टोकांना, पाठीला पाठ लावून.

नियम असे. आधी ऐका. चॅनल मोकळं आहे का विचारा. बटण दाबून अर्धा सेकंद थांबा, नाहीतर डोंगरावरचा रिपीटर जागा होईपर्यंत तुमचा पहिला शब्द गायब. आधी समोरच्याचा कॉलसाइन, मग आपला. अक्षरं ठरलेल्या शब्दांत : व्हिक्टर, युनिफॉर्म, अल्फा, ब्राव्हो. कॉल सेंटरवाली इथे सुसाट, फक्त तोंडातून अजून ‘बी फॉर बॉम्बे’ निघत होतं.

आणि आकडे? इथे मराठी माणसाची खरी परीक्षा आहे. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यात फरक ओळखून दाखवा! इंग्रजीतही फिफ्टीन आणि फिफ्टीचा तोच घोळ. म्हणून अंक सुटे सुटे. पाच, नऊ. एक, पाच.

मग निरोपाचा खेळ. मूळ निरोप : ‘शाळेत 59 माणसं, त्यात दोन डायलिसिसचे पेशंट, बोट आज संध्याकाळपर्यंत हवी.’ तिघांच्या तोंडून जाऊन चौथ्याकडे पोचला तेव्हा माणसं 69 झाली होती आणि पेशंट गळाले होते. सगळे हसले. सांगलीची आर्किटेक्ट हसली नाही.

चहाच्या वेळी तिने सांगितलं. ऑगस्ट 2019च्या पुरात तिचे आई-बाबा सांगलीत दुसऱ्या मजल्यावर अडकले होते. वीज गेली, मोबाइलची बॅटरी गेली, दोन दिवस काही कळलं नाही. ती पुण्यात फोनसमोर बसून. “परीक्षा त्यासाठीच दिली,” ती म्हणाली. “हॅण्डसेट घेऊन ठेवला. पण खरं सांगू? वर्ष झालं, त्यावरून एक शब्द बोललेली नाही. भीती वाटते.”

काकांनी धीर वगैरे दिला नाही. सरळ म्हणाले, “तुझा हॅण्डसेट तेव्हा तिथे असता तरी काय झालं असतं? त्याची बॅटरी चार्ज हवी. अँटेना गच्चीवर हवी. चालवणारं माणूस त्या घरात हवं. आणि दुसऱ्या टोकाला ऐकणारा हवा, जो तुला आवाजावरून ओळखतो. यातलं दुकानात काय मिळतं?”

नंतर सगळेच गप्प बसून सराव करत होते. या वेळी निरोप कागदावर लिहायचा, नंबर टाकायचा, शब्द मोजून आकडा आधी सांगायचा आणि ऐकणाऱ्याने पूर्ण वाचून दाखवायचा. चौथ्या माणसाकडे 59 माणसं, दोन पेशंट आणि बोट, सगळं शाबूत पोचलं.

चौथा रविवार : बॅटरी आणि बोल

बॅटरीचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही येईल. सात अँपिअर-अवरची बॅटरी, छोट्या यूपीएसमध्ये असते ती. गाडीत बसवायचा रेडिओ नुसतं ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे कागदावर 14 तास. पण 50 वॉटवर बोलायला लागलात की दहा-एक अँपिअर. बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही. म्हणून जास्त ऐका, कमी बोला, पॉवर कमी ठेवा. (हे मीटिंगमध्येही चालतं.)

मग जनरल ग्रेडची तयारी करणाऱ्यांसाठी मोर्स. लक्ष्य मिनिटाला आठ शब्द. त्या वेगात एक ‘डिट’ 0.15 सेकंदाचा, ‘डा’ त्याच्या तिप्पट. ठिपके-रेघांचा तक्ता काकांनी वर्गात आणूच दिला नाही. “तबला तक्त्यावरून शिकतात का? आधी बोल तोंडात बसतात, मग हातात.” म्हणून सगळे मांडीवर ताल धरून म्हणत होते : डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. म्हणजे ‘सीक्यू’, कुणी आहे का तिकडे? अक्षर सुरुवातीपासूनच वेगात ऐकायचं, दोन अक्षरांमधली जागा मात्र मोठी ठेवायची. म्हणजे कान ठिपके मोजत बसत नाही, अख्खा बोल ओळखतो.

शेवटी परवानाधारकांना खऱ्या रेडिओवर बसवलं. आर्किटेक्टचा नंबर आला. अँटेना तिचीच, केबल तिचीच, सांधेही तिचेच. तिने ऐकलं, विचारलं, अर्धा सेकंद थांबली, कॉलसाइन दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाहून एका आजोबांनी उत्तर दिलं, ‘पाच नऊ’. म्हणजे शब्द स्वच्छ, सिग्नल दणदणीत. बोलणं जेमतेम दीड मिनिटाचं : नाव, गाव, अँटेना, हवामान. माइक खाली ठेवल्यावर ती काकांना म्हणाली, “बाबांनाही परीक्षेला बसवते.”

हे सगळं कशाला?

कारण 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, मोबाइल ठप्प, अख्खी मुंबई रस्त्यावर. 1993चा किल्लारीचा भूकंप, 2001चा भूज, 2004ची त्सुनामी, प्रत्येक वेळी हॅम मंडळी निरोप पोचवायला उभी होती. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेच्या मोहिमेवर रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरमध्येच होते. हौसेची ती यंत्रणा काही तासांत संकटाची यंत्रणा झाली. हे जमलं कारण त्यांच्या हाताला रोजची सवय होती. पूर आल्यावर मॅन्युअल उघडून चालत नाही.

आणि पूर नाही आला तरी काय बिघडलं? आठवडाभर आपण जे करतो ते सगळं स्क्रीनच्या आत राहतं. इथे रविवारी संध्याकाळी घरी जाताना हातात एक वस्तू असते, तुम्ही बनवलेली, मोजून बघितलेली आणि चालणारी. सही वाटतं, बॉस!

जायचंय? मग हे वाचा

• परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. नियम बदलत असतात, फॉर्म भरण्याआधी ताजे वाचून घ्या.

• आधी रेडिओ विकत घेऊ नका. आयर्न, मल्टिमीटर आणि थोडी तांब्याची तार घ्या. सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा, मगच वडापाव.

• वर्ग निवडताना एकच प्रश्न विचारा : “अँटेना प्रत्येकाला बनवायला मिळणार, की तुम्ही बनवून दाखवणार?” उत्तर दुसरं असेल तर दुसरा वर्ग शोधा.

• परवाना आधीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी बोला. विषय हवामान असला तरी चालेल.

हॅम लोक निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, म्हणजे मनापासून शुभेच्छा. तर मंडळी, पुढच्या अंकापर्यंत, 73!