कुठेच न जाणाऱ्या बोटी

समुद्र आमच्या जालन्यापासून चारशे किलोमीटर दूर. पाणी म्हणावे तर कुंडलिका नदी आणि मोती तलाव; त्यांतही ज्या वर्षी असेल त्या वर्षी. दरेगावच्या माळावर ‘ड्राय पोर्ट’ची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी २०१५ साली झाली, तेवढाच काय तो आमचा दर्यावर्दीपणा. तेव्हा जालन्याच्या माणसाने बोटींविषयी मत द्यावे हा आगाऊपणा आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण तो माझ्यावर लादला गेला आहे.

यंदा दिवाळीत साऱ्या कुटुंबाने क्रूझवर जावे, असा घाट आमच्या जावईबापूंनी घातला आहे. मुंबईहून निघायचे, दोन रात्री समुद्रावर काढायच्या आणि मुंबईलाच उतरायचे. मधे गाव नाही, बंदर नाही. मी विचारले, “मग जायचे कुठे?” तेव्हा ते हसून म्हणाले, “मामा, जायचे कुठेच नाही, तीच तर मजा! जुन्या विलायती बोटींचा थाट आता आपल्यालाही परवडतो.” जावयांच्या उदारपणाबद्दल माझी तक्रार नाही. माझे भांडण त्या ‘थाटा’शी आहे.

विलायती बोटी थाटासाठी निघत नव्हत्या. बॅलार्ड पियरवरून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीच्या पोटात सरकारी टपाल असे, आणि टपालाला तारीख असे. म्हणून ती ठरल्या दिवशी निघे. झुंबरे, वाद्यवृंद, सात पदार्थांचे जेवण हा सारा पहिल्या वर्गाचा कारभार. त्या वर्गात आपली माणसे किती होती? आपली माणसे होती ती डेकवर दोर ओढणारे रत्नागिरीचे खलाशी आणि ताटे वाहणारे गोव्याचे वाढपी. त्या थाटाची आठवण काढून गहिवरणाऱ्यांनी आपले आजोबा कोणत्या मजल्यावर असते याचा आधी विचार करावा.

तरीही त्या बोटींना मी मान देतो, तो त्यांतून कोण गेले आणि कशासाठी गेले ते पाहून. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीवर चढल्या, वय अठरा, बरोबर नवरा नाही, आणि अमेरिकेत डॉक्टर व्हायचे. १९१० सालच्या ८ जुलैला मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी उडी टाकली; त्या बोटीला निदान उडी टाकण्याजोगा किनारा होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेब आंबेडकर लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले होते, ती बोट पाणतीराने बुडाली आणि त्याबरोबर पुस्तकेही गेली. ज्यांनी १९५० साली आमच्या शेजारच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडले, त्यांना त्या पुस्तकांची किंमत काय वाटली असेल, हे क्रूझवरच्या जलक्रीडेच्या तलावात बसून कळणे अवघड आहे.

या दोन बोटींत जो फरक आहे तो लोखंडातही उतरलेला असतो. महासागर ओलांडणारी बोट अरुंद, खोल आणि वेगवान बांधत, कारण हिवाळ्यातल्या अटलांटिकलाही तिला तोंड द्यायचे असे. १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ बोटीने साडेतीन दिवसांत अटलांटिक ओलांडला. आजची क्रूझ म्हणजे पाण्यावर ठेवलेली चाळ: उंच, चौकोनी, प्रत्येक खोलीला गॅलरी. तिला घाई नाही. वादळ दिसले तर ती वाट बदलते, कारण तिला कुठे पोचायचेच नसते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात तलाव आहेत. समुद्रावर जाऊन माणसे तलावात पोहतात!

एकाच बोटीने हे दोन्ही जन्म भोगल्याचे उदाहरण आहे. १९६२ साली ‘फ्रान्स’ नावाची बोट अटलांटिकवर धावू लागली. लांबी ३१५ मीटरच्या वर. पण जेट विमाने १९५८ सालीच आली होती; १९७४ साली फ्रेंच सरकारने हात आखडता घेतला आणि बोट धक्क्याला बांधली गेली. पुढे नॉर्वेच्या लोकांनी ती घेतली, ‘नॉर्वे’ असे नाव दिले आणि १९८० पासून सहलीला जुंपली. सहलीला जुंपताना त्यांनी काय केले? तिची निम्मी यंत्रे बंद केली आणि चारांतले दोन पंखे काढून टाकले. पोचायचे नाही, मग वेग कशाला? २००३ साली मायामीत तिचा बॉयलर फुटून आठ कामगार मेले. २००६ साली ती गुजरातेत अलंगच्या चिखलात आली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर तिथे तोडली गेली. आमच्या गावच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळई होते. लोखंडाचे मरण आम्हांला नवे नाही. तरी त्या काढलेल्या दोन पंख्यांची गोष्ट वाचून मला वाईट वाटले.

आता खरे दुखणे सांगतो. आपल्या मराठी माणसाची ‘लायनर’ विलायतेला जाणारी नव्हतीच. ती भाऊच्या धक्क्यावरून सुटून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाणारी बोट. १९७०च्या सुमारास मित्राच्या लग्नासाठी मी तिने मालवणला गेलो. डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतल्या लोकांनी पत्र्याच्या ट्रंकांच्या भिंती करून संसार मांडले होते. बोट हलू लागली तसा मी जालनेकर हिरवा-पिवळा झालो. शेजारच्या म्हातारीने न विचारता माझ्या हातात लिंबू ठेवले आणि “रे झिला, आडवो पड” म्हणून आपली गोधडी सरकवली. तिची लेक पहिलटकरीण होती. रात्री उशिरा मालवणसमोर बोट थांबली, धक्का नव्हता. काळोखात खाली होडी डुचमळत होती. चार अनोळखी माणसांनी त्या मुलीला हातोहात होडीत उतरवले. मग ट्रंक, मग म्हातारी, मग मी.

त्या बोटीचे मी गोडवे गात नाही. गर्दी अमानुष होती, घाण होती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ते कोणी विसरू नये. आजच्या बोटी सुरक्षित आहेत, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही समुद्र दाखवतात. हे मी मान्य करतो. पण त्या जुन्या बोटीत सुधारणा करायला हवी होती. आपण ती बंद पडू दिली. २०२५ साली मुंबईत क्रूझसाठी झगमगीत नवे स्थानक उघडले, पाचशे कोटींहून अधिक खर्चून. तिथून निघणाऱ्या बोटीचा प्रवासी वेंगुर्ल्यासमोरून रात्री जाईल, जेवताना त्याला किनाऱ्यावरचे दिवे दिसतील, आणि तिथे उतरायची कोणाला गरज असेल हे त्याच्या मनातही येणार नाही.

आमच्या सौ.चे मत वेगळे आहे. त्यांच्या मते मी गुडघेदुखी लपवण्यासाठी तत्त्वज्ञान सांगतो आहे. त्यात तथ्य असेलही. त्या खुशाल जावोत. नातवंडांबरोबर दोन रात्री हसून काढणे हे काही पाप नव्हे. लक्ष्मीपूजनाला घरात दिवा लावायला कोणीतरी हवेच, तो मी लावीन. जावईबापूंना मात्र निरोप धाडला आहे: मालवणला थांबणारी बोट पुन्हा सुरू झाली, की माझे तिकीट आधी काढा. डेकचेच काढा. आणि येताना दोन लिंबे आणा.